'प्रतिकारशक्ती वाढवा' या मथळ्यासंबंधी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातील एका रविवारी आपल्या पुरवणीत 'भातलावणीआधी प्रतिकारशक्ती वाढवा' या मथळ्याखाली पानभर लेख प्रसिद्ध झाला. त्यातील आले, हळद, तुळस आणि वेळेवर झोपण्याचा सल्ला यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मथळ्यातील क्रियापदाविषयी आणि लेखाखालच्या चौकटीतील एका वाक्याविषयी. 'प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे शक्यतो बंद करावीत', असे ते वाक्य होते. कोणती औषधे, कोणाची आणि कोणाला विचारून, यांपैकी काहीही तिथे लिहिलेले नव्हते. मी कुडाळ तालुक्यात सव्वीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. लेखानंतर तीन आठवड्यांनी माझ्याकडे काजूगर सोलण्याचे काम करणाऱ्या एक बाई आल्या. दोन्ही हातांची बोटे सुजलेली होती आणि मूठ मिटत नव्हती. वर्षभर त्यांचा आमवात ज्या गोळीने आटोक्यात राहिला होता, ती गोळी त्यांनी आपण होऊन थांबवली होती. "डॉक्टरांनु, पेपरात इला हा, म्हणान बंद केलंय," असे म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती चौकट कापून ठेवलेली काढून दाखवली.

त्या बाईंना मी दोष देत नाही. 'प्रतिकारशक्ती' हा शब्दच असा आहे की ती एखाद्या टाकीतल्या पाण्यासारखी असावी, कमी झाली तर भरावी आणि जितकी जास्त तितकी बरी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात शरीरात अशी टाकी नाही. तिथे आहेत अब्जावधी पांढऱ्या पेशी, आणि त्यांतील प्रत्येकीला कधी जन्मायचे, कधी थांबायचे, कधी लढायचे आणि कधी मरायचे हे सांगणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे. आजार बहुतेक वेळा शक्ती कमी पडल्याने होत नाही, तर यांतील एखादा हुकूम चुकीच्या वेळी सुटल्याने किंवा न सुटल्याने होतो. हे थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी, कारण ते कळल्याशिवाय त्या चौकटीतील वाक्य किती धोक्याचे आहे हे ध्यानात येणार नाही.

या हुकुमांची भाषा एका साध्या रासायनिक क्रियेवर चालते. कायनेज नावाची विकरे पेशीतील प्रथिनांवर फॉस्फेटचा एक कण चिकटवतात आणि फॉस्फेटेज नावाची विकरे तो काढून घेतात. दाराला कडी घालावी आणि काढावी, इतकेच हे काम. कण चिकटला की प्रथिनाचा आकार किंवा वागणूक बदलते आणि निरोप पुढच्या प्रथिनाकडे जातो. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना ही उलटसुलट क्रिया 1950 च्या दशकात स्नायूंतील साखरेच्या साठ्याचा अभ्यास करताना सापडली, आणि तिच्यासाठी त्यांना 1992 साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या जनुकसंचातील कायनेजांची यादी 2002 साली तयार झाली तेव्हा तिच्यात 518 नावे होती. प्रतिकार यंत्रणेच्या वाट्याला त्यांतील मोजकीच ठळकपणे येतात, पण त्यांच्यावाचून तिचे पान हलत नाही.

पांढऱ्या पेशींतील टी-पेशी या प्रकाराचे उदाहरण घेतो. तिच्या पृष्ठभागावरचा ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणारे प्रथिन, जंतूचा तुकडा ओळखतो, पण त्याच्यापाशी स्वतःचे विकर नसते. पेशीच्या आत डोकावणारी त्याची शेपूट इतकी आखूड असते की तो स्वतः काही कळवू शकत नाही. म्हणून त्याच्या सोबतीला दुसऱ्या प्रथिनांच्या लांब शेपट्या असतात. ग्राहीने जंतूचा तुकडा धरला की काही सेकंदांत एलसीके नावाचे कायनेज या शेपट्यांवर फॉस्फेटचे कण जोडीजोडीने चिकटवते. त्या जोडीवर झॅप-70 नावाचे दुसरे कायनेज येऊन बसते, जागे होते आणि पुढची प्रथिने चिन्हांकित करते. मग पेशीत कॅल्शियम वाढते. कॅल्शियमने कॅल्सिन्यूरिन नावाचे फॉस्फेटेज जागे होते आणि ते एका प्रथिनावरचे फॉस्फेट काढून टाकते. मोकळे झालेले ते प्रथिन केंद्रकात शिरते, तिथली जनुके उघडते आणि पेशी लढ्यासाठी आपल्यासारख्याच हजारो पेशी निर्माण करू लागते. या साखळीत सुरुवातीला कडी घालून निरोप पुढे गेला आणि शेवटी कडी काढून गेला, हे वाचकांनी नजरेआड करू नये. एलसीकेच्या बाबतीत तर गंमत अशी की त्याच्याच अंगावर एका जागी फॉस्फेट असले तर ते जागे राहते आणि दुसऱ्या जागी असले तर आवळलेले राहते. तो दुसरा कण काढण्यासाठी सीडी-45 हे वेगळे फॉस्फेटेज नेमलेले आहे. अशा यंत्रणेला 'वाढवा' हे क्रियापद कुठे लावायचे?

हीच विकरे पेशी घडवतानाही कामास येतात. टी-पेशींची शाळा छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. तिला मराठीत यौवनलोपी ग्रंथी असे फार सुरेख नाव आहे, कारण वयात आल्यावर ती आक्रसत जाते. तिचे महत्त्व जॅक मिलर यांनी 1961 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. तोवर ती निरुपयोगी अवयवांत जमा होती. या ग्रंथीत कोवळ्या पेशीला शरीराचे स्वतःचे तुकडे दाखवले जातात आणि एलसीके व झॅप-70 यांच्यामार्फत जो निरोप उमटतो त्याच्या जोरावरून तिचे भवितव्य ठरते. निरोप मुळीच आला नाही तर पेशी बिनकामाची ठरते आणि मरते. हलका आला तर ती जगते. फार जोराचा आला तर तिला बहुधा मारले जाते, कारण बाहेर पडून ती आपल्याच शरीरावर उलटण्याची भीती असते. अशा काही पेशींना मात्र इतरांना आवरण्याच्या कामावर नेमले जाते, आणि 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या आवरणाऱ्या पेशींच्या शोधालाच मिळाले. शाळेत आलेल्या शंभर पेशींतून जेमतेम पाच बाहेर पडतात.

हापूसच्या बागायतदाराला ही निवड वेगळी समजावून सांगायला नको. डागी आंबा हाताला लागला की तो पेटीबाहेर जातो, पण साक्याचा, म्हणजे आतून बिघडलेला, आंबा बाहेरून निर्दोष, पिवळाधमक दिसतो आणि कापल्यावरच कळतो. आपल्या बागायतदारांना न कापता साका ओळखण्याची खात्रीची युक्ती अजून सापडलेली नाही. यौवनलोपी ग्रंथीला ती बऱ्याच अंशी साधलेली आहे. तरीही काही साके पेटीत जातातच. बाईंच्या बोटांतील सूज हे त्याचेच फळ.

एखादे विकर मुळातच नसेल तर काय होते, हे निसर्गाने मुलांच्या आजारांतून दाखवले आहे. 1952 साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचे रक्त तपासले, तेव्हा त्यात प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना पकडणारी प्रथिने, असणारा गॅमा ग्लोब्युलिनचा भागच आढळला नाही. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन दर महिन्याला टोचल्यावर तो मुलगा सावरला. कारण मात्र 1993 साली कळले: अस्थिमज्जेत ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना पुढच्या इयत्तेत ढकलणारे कायनेजच या मुलांमध्ये निकामी असते. त्याला ब्रूटन यांचेच नाव देऊन बीटीके म्हणतात. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार मुलग्यांना होतो आणि आई बहुधा निरोगी वाहक असते. पहिले सहा महिने आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाला सांभाळतात, म्हणून दुखणी त्यानंतर सुरू होतात. माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी एक बारीकशी खूण सांगतो. वरचेवर कान फुटणाऱ्या आणि न्यूमोनिया होणाऱ्या मुलाचा घसा पाहताना टॉन्सिल सुजले आहेत का, एवढेच आपण पाहतो. ते आहेत तरी का, हे पाहावे. या मुलांत ते जवळजवळ नसतात, कारण टॉन्सिल बी-पेशींनीच भरलेले असतात. अशा मुलाला टॉनिकच्या कितीही बाटल्या पाजल्या तरी नसलेले विकर तयार होणार नाही.

उलट बाजूने पाहिले तर हेच बीटीके बी-पेशींच्या काही कर्करोगांना खतपाणी घालते, आणि त्याला रोखणारे इब्रुटिनिब हे औषध 2013 पासून रक्ताच्या कर्करोगांत वापरले जाते. ज्या विकराच्या अभावी एक मूल आजारी पडते, तेच विकर बंद करून दुसरा रुग्ण जगवला जातो. 'दडपणारे औषध' ऐकून दचकणाऱ्या वाचकाने एवढे तरी जाणून घ्यावे.

आता बाईंच्या गोळीकडे येतो. तिचे नाव टोफासिटिनिब. ती जॅक नावाच्या कायनेजांना रोखते. जॅक हे नाव जेनस या दोन तोंडांच्या रोमन दारदेवतेवरून पडले, कारण या विकराचे दोन भाग एकमेकांसारखे दिसतात: एक काम करतो आणि दुसरा त्याला आवरतो. पांढऱ्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्यांतील बऱ्याच निरोपांची पोच पेशीच्या आत जॅकमुळेच होते. आमवातात हे निरोप थांबतच नाहीत, म्हणून सांध्याच्या अस्तराला सूज राहते आणि कालांतराने हाड झिजते. गोळी तो गलका कमी करते. अमेरिकेत तिला 2012 साली परवानगी मिळाली आणि आता ती आपल्याकडेही सर्रास दिली जाते. तिचे धोके मी लपवत नाही. दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, नागीण होऊ शकते, आणि वयस्कर धूम्रपान करणाऱ्यांत हृदयविकार व रक्ताच्या गुठळ्या यांची भीती असते. म्हणूनच ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची चाचणी करतात आणि नंतर ठरावीक काळाने रक्त तपासतात. पण धोका आहे म्हणून डॉक्टरांना विचारून डोस बदलणे वेगळे आणि पुरवणीतील चौकट वाचून गोळी फेकणे वेगळे. कोविडच्या साथीत, 2021 साली, जॅक रोखणारे बॅरिसिटिनिब हे औषध आपल्या देशात तातडीच्या वापरासाठी मंजूर झाले होते, याचीही आठवण करून देतो. ज्या काळात घरोघर 'प्रतिकारशक्ती वाढवण्याचे' काढे उकळत होते, त्याच काळात अतिदक्षता विभागात काही रुग्णांची उसळलेली प्रतिकार यंत्रणा याच प्रकारच्या औषधाने खाली आणावी लागत होती.

माझ्या रुग्णांत मूत्रपिंड रोपण झालेले एक गृहस्थही आहेत. ते जी गोळी घेतात ती वर सांगितलेल्या कॅल्सिन्यूरिनला रोखते. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही त्या वर्गातील दोन औषधे; पहिले नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले आणि दुसरे जपानमधील मातीतल्या जिवाणूपासून. ती कॅल्सिन्यूरिन रोखतात हे कळले ते 1991 साली, म्हणजे सायक्लोस्पोरिन वापरात येऊन काही वर्षे लोटल्यावर. सुदैवाने हे गृहस्थ आपली पुरवणी वाचत नाहीत, नाहीतर त्यांच्या भावाने दिलेले मूत्रपिंड त्या चौकटीपायी गेले असते.

'खरोखर वाढवली तर काय होते' या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला एकदा फार कटू रीतीने मिळाले आहे. टी-पेशीला पूर्ण जागे होण्यासाठी ग्राहीच्या निरोपाबरोबर सीडी-28 या दुसऱ्या खुंटीवरूनही होकार लागतो. एकट्या पहिल्या निरोपाने ती सुस्तावते. हा दुहेरी कुलपाचा बंदोबस्त आहे. मार्च 2006 मध्ये लंडनमध्ये एका नव्या औषधाची चाचणी सहा निरोगी तरुणांवर झाली. ते औषध सीडी-28 ला अशा रीतीने पकडत असे की पहिल्या निरोपाची वाट न पाहताच टी-पेशी जाग्या होत. माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच मात्रा दिली होती. दीड तासाच्या आत त्या तरुणांची डोकी दुखू लागली, ताप चढला, रक्तदाब घसरला, आणि पुढे सहाही जणांचे एकाहून अधिक अवयव निकामी होऊ लागले. सर्वजण वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. माकडांच्या ज्या पेशींनी हा धोका आधी दाखवायला हवा होता, त्यांच्यावर सीडी-28 नसतेच, हे नंतर कळले. कर्करोगात आज टी-पेशींचा लगाम सैल करणारी औषधे दिली जातात आणि त्या तत्त्वासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. त्या उपचारांतही आतडे, थायरॉइड किंवा यकृत यांवर आपल्याच पेशी उलटण्याचा धोका रुग्णाला आधी समजावून सांगावा लागतो.

काढ्यांविषयी दोनच वाक्ये लिहितो, कारण माझा रोख आयुर्वेदावर नाही. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद पुढील वर्षी वैद्यकीय नियतकालिकात आली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, आणि तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण त्यांतील काहींमध्ये स्वतःच्याच यकृतावर उलटणाऱ्या प्रतिकाराची लक्षणे होती, एवढे तरी लेखकाने आमवाताच्या रुग्णाला काढा सुचवण्यापूर्वी वाचायला हवे होते. लावणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात भीती असते ती लेप्टोची, म्हणजे दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाची, आणि तिच्यावरचा इलाज पायाची जखम झाकणे, गमबूट घालणे, आरोग्य खात्याने सांगितल्यास डॉक्सिसायक्लिन घेणे आणि ताप येताच दवाखाना गाठणे हा आहे. लेखात यांतील एकही गोष्ट नव्हती.

त्या पानाचा खरा उपयोग कशासाठी झाला असता, हे सांगतो. काही बाळे टी-पेशींशिवाय जन्मतात. जॅक-3 हे विकर नसणे हे त्याचे एक कारण, 1995 साली उलगडलेले. झॅप-70 नसलेल्या मुलांत तर टी-पेशींचा एक वर्ग घडतच नाही आणि दुसरा घडतो पण काम करत नाही. ही दोन्ही वैगुण्ये आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर दिसतात, म्हणून मामे-आते भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत त्यांची शक्यता वाढते. आपल्याकडे अशी घरे थोडी नाहीत. आमच्या भागात एखाद्या घरात लागोपाठ दोन तान्ही बाळे ताप-जुलाबाने गेली की ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते. ते जरूर घालावे, पण पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांनाही ती हकीकत सांगावी. कारण असे की जन्मल्याबरोबर टोचली जाणारी क्षयरोगावरची बीसीजी आणि तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ व रोटाव्हायरसच्या लसी जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या असतात. निरोगी बाळासाठी त्या आवश्यक आणि सुरक्षित आहेत, आणि हे वाचून कोणीही लस टाळू नये. मात्र ज्या घरात आधी अशी बाळे गेली आहेत, तिथे तपासणी होईपर्यंत त्या थांबवाव्या लागतात, कारण टी-पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचे जंतूच शरीरभर पसरू शकतात.

या तपासणीची पहिली पायरी तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते. सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीत लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी-पेशी ज्यांत मोडतात त्या, पेशींची प्रत्यक्ष संख्या काढावी. तान्ह्या बाळात ती तीन हजारांच्या खाली असेल तर कान टवकारावेत. आम्ही डॉक्टर एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून पुढे जातो, हा दोष आमचा आहे आणि तो माझ्या हातूनही घडलेला आहे. पुढच्या चाचण्या मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात. त्याच आवारातील केईएम रुग्णालय केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाखालील उत्कृष्टता केंद्र असून अशा केंद्रांत उपचारांसाठी कमाल 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. साडेतीन महिन्यांचे होण्याआधी अस्थिमज्जा रोपण झाले तर यांतील 90 टक्क्यांहून अधिक बाळे वाचल्याचा अमेरिकेतील अनुभव आहे. तिथे प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावर टी-पेशी घडत आहेत का याची चाचणी होते. विस्कॉन्सिन राज्याने 2008 साली सुरुवात केली आणि दहा वर्षांत सर्व राज्यांत ती पोहोचली. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. म्हणून सध्या तरी आजीच्या आठवणीतल्या गेलेल्या बाळांची नावे हीच आपली चाचणी आहे.

माझी विनंती मर्यादित आहे. त्या चौकटीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. मजकूर असा असावा: 'आमवात, अवयवरोपण, सोरायसिस, आतड्याचा दाह किंवा अन्य आजारांसाठी प्रतिकार यंत्रणेवर काम करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत किंवा त्यांच्या जोडीला काढे घेऊ नयेत.' बाईंची गोळी मी त्यांच्या तज्ज्ञांशी बोलून पुन्हा सुरू केली आहे, पण मूठ अजून नीट मिटत नाही आणि कारखान्यातील त्यांचा रोज बुडतोच आहे. दुरुस्ती छापली की मी ती कापून त्यांना देईन. आधीचे कात्रण त्यांनी अजून फेकलेले नाही.

आपला नम्र,
एक वैद्यकीय व्यावसायिक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग